रिकामेपणाची कुळकथा : ‘एम्प्टी’ या शब्दाच्या निमित्ताने

मे महिन्यातील दुपार. तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयाचे ग्रंथालय सुट्टीतही सकाळपासून दुपारपर्यंत उघडे असते. वाचनकक्षात एकच वाचक आहे. तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारा, पस्तिशीला आलेला, पीएच.डी. झालेला एक अध्यापक. एप्रिलअखेर तासिका संपल्या आणि त्यांबरोबर मानधनही थांबले. त्या दिवशी सकाळी घरातून निघताना पारावर बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याला सहज विचारले होते, ‘काय रे मास्तर, सध्या रिकामाच का?’ ‘हो आबा, जूनपर्यंत रिकामाच,’ असे उत्तर देऊन तो पुढे झाला. विचारणाऱ्याच्या मनात कुत्सितपणा नव्हता आणि उत्तर देणाऱ्यानेही राग धरला नाही. तरीही तो शब्द त्याच्याबरोबर ग्रंथालयापर्यंत आला.

टेबलावर एका इंग्रजी निबंधाचा अनुवाद अर्धवट पडला होता. निबंधात ‘एम्प्टी’ हे विशेषण पुन्हा पुन्हा येत होते आणि प्रत्येक ठिकाणी मराठीला निराळा शब्द लागत होता. घागर रिती असते, घर रिकामे असते, गाव ओस पडते, बांबू पोकळ असतो, माळ मोकळा असतो, दाणा फोल निघतो. इंग्रजीला यांतील पुष्कळ ठिकाणी एकच विशेषण पुरते. मराठीने मात्र रितेपणाच्या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र नाव दिले आहे. एका वाक्यात त्या अनुवादकाने ‘रिकामा’ लिहिले, खोडले, ‘मोकळा’ लिहिले, तेही खोडले, आणि अखेर तो व्युत्पत्तिकोशाकडे वळला. अनुवादकाला अडलेल्या जागी कोश बहुधा अर्थच देतो. येथे त्याने एक चरित्र दिले. ते चरित्र त्या अध्यापकाच्या सकाळच्या उत्तराशी इतके निगडित निघाले, की अनुवाद त्या दिवशी तेथेच राहिला.

‘एम्प्टी’ हा शब्द इंग्रजीने लॅटिन वा फ्रेंच भाषेतून उसना घेतलेला नाही. तो इंग्रजीचा घरचा शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘ॲमेत्तिग्’ असे होते आणि ते ‘ॲमेत्ता’ या नामापासून सिद्ध झाले होते. ‘ॲमेत्ता’चा अर्थ पोकळी असा नाही, अभाव असाही नाही. त्याचा अर्थ आहे फुरसत, सवड, उसंत. ‘ॲमेत्तिग्’ म्हणजे ज्याला सवड आहे असा, जो कशात गुंतलेला नाही असा. अविवाहित या अर्थानेही तो शब्द योजला जात असे. आपल्याकडील ‘एकटा जीव सदाशिव’ या म्हणण्यामागची भावना त्यात दिसते. ज्यात काही नाही असे पात्र वा स्थान, हा आजचा अर्थही प्राचीन इंग्रजीतच आढळू लागतो. परंतु शब्दाची घडण पाहता सवडीचा अर्थ मूळचा आणि पोकळीचा अर्थ त्यातून विस्तारलेला, हे स्पष्ट होते. माणसासाठी घडलेला शब्द पुढे भांड्याला, घराला, रस्त्याला लावला गेला आणि कालांतराने माणसाच्या बाबतीतला मूळ अर्थ इंग्रजीतून लोपला.

या घडणीचे विश्लेषण करताना अभ्यासकांनी दिलेला एक निर्वाळा विशेष लक्षवेधी आहे. ‘ॲमेत्ता’तील पहिला वर्ण नकारवाचक असून उरलेला भाग ‘मोतन्’ या क्रियापदाशी संबंधित आहे, असे प्रचलित मत आहे. याच ‘मोतन्’च्या भूतकाळी रूपातून आजचे ‘मस्ट’ हे क्रियापद आले. हे मत स्वीकारले, तर ‘एम्प्टी’च्या पोटात ‘मस्ट’चा नकार दडलेला आहे. ज्याच्यावर ‘केलेच पाहिजे’ असे काही नाही, तो एम्प्टी. रितेपणाची ही कल्पना अभावातून जन्मलेली नसून सक्तीच्या अनुपस्थितीतून जन्मलेली आहे.

आजच्या उच्चारात ऐकू येणारा, पुष्कळदा ऐकू न येणारा ‘प’ या शब्दात मुळात नव्हता. ‘म’वरून ‘त’कडे जाताना मिटलेले ओठ उघडण्याच्या क्षणी तो उपजला आणि पुढे लेखनातही स्थिरावला. मराठीच्या अभ्यासकाला या घटनेचे नवल वाटण्याचे कारण नाही. संस्कृत ‘आम्र’पासून मराठी ‘आंबा’ आला तो याच वाटेने, आणि ‘ताम्र’पासून ‘तांबे’ही. ‘आम्र’मध्ये ‘ब’ नाही. ‘म’ आणि ‘र’ यांच्यामधल्या अंतरात तो शिरला, आणि ‘र’ निघून गेल्यावरही राहिला. उच्चारालाही दोन ध्वनींमधली मोकळी जागा फार काळ मोकळी ठेवता येत नाही, असेच म्हणावे लागते.

सवड आणि रितेपण यांचे हे नाते एकट्या इंग्रजीपुरते असते, तर तो एक योगायोग मानता आला असता. परंतु लॅटिनमधील ‘वाकारे’ या क्रियापदातही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात : रिकामे असणे आणि मोकळे असणे. सुट्टीला इंग्रजीत ‘व्हेकेशन’ म्हणतात, रिक्त पदाला ‘व्हेकन्सी’ म्हणतात, निर्वात पोकळीला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. हे सारे शब्द एकाच कुळातले आहेत, आणि जुन्या फ्रेंचमधून आलेला ‘व्हॉइड’ हाही त्याच कुळातला मानला जातो. लॅटिन ‘वाकातिओ’चा अर्थ एखाद्या कर्तव्यातून, उदाहरणार्थ सैन्यातील सेवेतून, मिळालेली सूट असा होता. आधुनिक ग्रीकमध्ये रिकामे या अर्थाचा ‘आदिओस’ हा शब्द ज्या मुळातून आला, त्याचा अर्थ होता भयापासून मुक्तता. त्याच मुळाचा ‘आदिआ’ हा शब्द आज परवानगी आणि नोकरीतील रजा या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. मराठीतील ‘रजा’ हा शब्दही अरबीतून फारसीमार्गे आला तो संमती, परवानगी हाच अर्थ घेऊन. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या भाषा रितेपणाजवळ आल्या की सक्ती, भय, परवानगी आणि सवड यांच्याच शब्दांत बोलू लागतात, ही गोष्ट नुसत्या योगायोगाने स्पष्ट होत नाही.

इंग्रजीच्या इतिहासात या नात्याचा एक सुंदर पुरावा आहे. बायबलमधील स्तोत्रांपैकी एका स्तोत्रात ईश्वराला जाणण्यासाठी आधी थांबावे, मोकळे व्हावे, अशा आशयाची आज्ञा येते. लॅटिन पाठात तेथे ‘वाकारे’चे आज्ञार्थी रूप आहे. प्राचीन इंग्रजीत त्या पाठाचे भाषांतर करणाऱ्यांनी ‘ॲमेत्तिग्’पासून साधलेले क्रियापद योजले. म्हणजे ज्या शब्दाचा वंशज आज रिकाम्या डब्याला लावला जातो, तो शब्द एके काळी साधकाच्या चित्तवृत्तीसाठी वापरला जात होता. १६११ साली सिद्ध झालेल्या जेम्स राजाच्या बायबलमध्ये त्या ठिकाणी स्तब्ध राहण्याचा आशय आला आणि जुना शब्द गेला. तोपर्यंत ‘एम्प्टी’ने माणसाची सोबत जवळजवळ सोडलेली होती.

याहूनही अर्थपूर्ण आहे ती ‘एम्प्टी’ आणि ‘आयडल’ या दोन शब्दांनी परस्परांना ओलांडून केलेली वाटचाल. आज ‘आयडल’ म्हणजे आळशी, काही न करणारा. प्राचीन इंग्रजीत मात्र ‘ईदेल्’ या रूपात त्याचा अर्थ रिकामा, पोकळ, निरर्थक असा होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘आयटल’ आजही पोकळ अभिमानाच्या आसपासचा अर्थ बाळगून आहे. इ. स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक या विद्वान भिक्षूने उत्पत्तीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा सृष्टी घडण्यापूर्वीच्या पृथ्वीचे वर्णन करताना त्याने हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले. पृथ्वी ‘ईदेल्’ होती आणि ‘ॲमेत्तिग्’ होती. तेथून पुढे दोघांच्या वाटा उलट दिशांना गेल्या. ज्याचा अर्थ सवड होता, तो वस्तूच्या रितेपणाकडे गेला. ज्याचा अर्थ रितेपण होता, तो माणसाच्या निरुद्योगाकडे आला. माणसाला सवड आहे हे सांगणारा कौतुकाचा शब्द हरवला आणि त्याच्या जागी मुळातच पोकळ, निरर्थक असा अर्थ असलेला शब्द माणसाला चिकटला.

भाषेतील अशी अदलाबदल समाजाच्या इतिहासापासून सर्वथा अलग असेल, असे मानणे कठीण आहे. १३४८ साली इंग्लंडमध्ये प्लेगची महाभयंकर साथ आली, शेतीवर राबणारे हात नाहीसे झाले आणि उरलेल्या मजुरांनी वाढीव मजुरी मागण्यास सुरुवात केली. १३४९ साली निघालेल्या राजाज्ञेने साठ वर्षांखालील, धडधाकट, स्वतःची जमीन वा उपजीविकेचे साधन नसलेल्या प्रत्येकाला मिळेल ते काम जुन्या दराने करणे बंधनकारक केले. १३५१ च्या कायद्याने ते बंधन अधिक आवळले. पुढे एलिझाबेथच्या काळातील १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने गरिबांना कामाला जुंपण्याची व्यवस्था गावोगावच्या परगण्यांवर सोपवली. या कायद्यांमुळे शब्दाचा अर्थ बदलला, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे धाडसाचे ठरेल. ‘ईदेल्’चा निरुद्योगी हा अर्थ त्याहून जुना आहे. परंतु ज्या समाजात ‘मस्ट’ सर्वांना लागू झाला, आणि ज्याला तो लागू नाही असा निर्धन माणूस गुन्हेगार ठरू लागला, त्या समाजात सवडीच्या शब्दाला मान उरणे अवघड होते, एवढे निश्चित म्हणता येते. श्रीमंताच्या सवडीला मात्र वेगळा, फ्रेंच वळणाचा ‘लेझर’ हा शब्द मिळाला. एकाच अवस्थेची दोन नावे झाली. ज्याच्यापाशी संपत्ती आहे त्याच्यासाठी एक, आणि ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी दुसरे.

येथवर वाचल्यावर त्या ग्रंथालयातील वाचकाला ‘रिकामा’कडे वळणे भागच होते. मराठी शब्दाचे मूळ ‘रिक्त’शी जोडले जाते. ‘रिता’ हाही ‘रिक्त’चाच वंशज, परंतु त्याने माणसाच्या रोजगाराशी संबंध ठेवला नाही. घागर रिती होते, ओंजळ रिती राहते, मन रिते वाटते; नोकरी नसलेल्याला मात्र कोणी रिता म्हणत नाही, त्याला रिकामाच म्हणतात. याचे एक कारण असे असावे, की मराठी कानाला ‘रिकामा’मध्ये ‘काम’ ऐकू येते. शब्दाची खरी फोड काहीही असो, बोलणाऱ्याच्या मनात काम नसलेला तो रिकामा ही जोडणी पक्की आहे. येथे इंग्रजीची वाट उलट दिशेने चाललेली दिसते. इंग्रजी शब्द सवडीकडून रितेपणाकडे गेला. मराठी शब्द रितेपणाकडून सवडीकडे आला. परंतु येताना त्याने रितेपणाचा डाग बरोबर आणला. ‘रिकामटेकडा’, ‘रिकामी उठाठेव’, ‘रिकाम्या गप्पा’ हे प्रयोग पाहिले, की माणसाला वेळ असणे आणि माणूस व्यर्थ असणे यांत मराठी बोलीने फारसे अंतर ठेवलेले नाही, हे ध्यानात येते. फारसीतून आलेल्या ‘बेकार’ची गत याहून वेगळी नाही. त्याचा शब्दार्थ कामावाचून असलेला एवढाच. पण बेकार माणूस आणि बेकार वस्तू यांना मराठी एकाच विशेषणाने संबोधते.

या संदर्भात एका म्हणीचा पुनर्विचार होणे अगत्याचे वाटते. ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण निरर्थक उद्योग करणाऱ्याच्या थट्टेसाठी वापरली जाते. पूर्वी अंगातील दूषित मानलेले रक्त काढण्यासाठी न्हावी तुंबडी लावत. तुंबडी म्हणजे पोकळ शिंग किंवा तत्सम साधन. आतली हवा ओढून घेतली, की निर्माण झालेल्या पोकळीमुळे ती कातडीला घट्ट बसते आणि रक्त ओढते. साधनाचे सारे सामर्थ्य त्याच्या रितेपणात आहे. म्हणीतील न्हाव्याजवळ हत्यार आहे, हातात कसब आहे, अंगात काम करण्याची इच्छाही आहे. नाही ते गिऱ्हाईक. हातचे कसब गंजू नये म्हणून तो कुडाच्या भिंतीवर हात चालवतो आणि लोक हसतात. म्हण त्याला मूर्ख ठरवते. पण नीट पाहिले तर ती बेरोजगार कारागिराची कथा आहे. मान्यताप्राप्त नियतकालिकांत शोधनिबंध छापत राहणारा, चर्चासत्रांची प्रमाणपत्रे फाइलीत लावत राहणारा, मुलाखतीमागून मुलाखती देणारा पदवीधर जेव्हा ही म्हण ऐकतो, तेव्हा त्याला कोणाची बाजू घ्यावीशी वाटेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

घरातील स्त्रीच्या वाट्याला हा शब्द याहून विपरीत रीतीने येतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत जिचा हात थांबत नाही, तिच्याविषयी ‘ती काय, घरी रिकामीच असते’ असे सहज बोलले जाते. २०११ च्या जनगणनेतही केवळ घरकाम करणाऱ्यांची गणना काम न करणाऱ्यांच्या वर्गातच झाली. पुरुषाला रिकामा म्हणताना काम नसते आणि स्त्रीला रिकामी म्हणताना काम असूनही दिसत नाही. दोन्ही ठिकाणी शब्द मोजतो तो पैसा. वेळ वा श्रम त्याच्या हिशेबात येत नाहीत. गमतीची गोष्ट अशी, की याच घरातून शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जात नाही. तीत चार दाणे साखरेचे का होईना, घातले जातात. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणावे, नारळ ‘वाढवावा’, असा दंडक याच घरात पाळला जातो. रितेपणाचा उच्चार टाळण्यासाठी वाढीचे क्रियापद योजणाऱ्या या स्त्रिया नकळत संस्कृतच्या जुन्या अनुभवाशी जाऊन मिळतात. ‘शून्य’ या शब्दाचे मूळही फुगणे, वाढणे या अर्थाच्या ‘श्वि’ धातूत शोधले जाते. जे फुगले ते आतून पोकळ, अशी ती कल्पना आहे. तो ‘शून्य’ पुढे अरबीत ‘सिफ्र’ या भाषांतरित रूपाने गेला, १२०२ साली फिबोनाचीच्या ग्रंथात लॅटिन वेष घेऊन अवतरला आणि अखेर ‘झीरो’ होऊन जगभर गेला. परंतु ती संख्येच्या रितेपणाची कथा आहे. माणसाच्या रितेपणाचा प्रश्न तिच्याने सुटत नाही.

तो प्रश्न सोडवण्यासाठी मराठीजवळ आणखी एक शब्द आहे, आणि इंग्रजीजवळ आज त्याच्या तोडीचा शब्द शोधावा लागतो. तो शब्द ‘मोकळा’. ‘मुक्त’पासून प्राकृतातून आलेला हा शब्द जागेला, वेळेला, केसांना, मनाला आणि माणसाला सारख्याच प्रतिष्ठेने लागतो. रिकामे डोके ही निंदा आहे. मोकळे डोके ही सोय आहे. रिकामा वेळ घालवायचा असतो, मोकळा वेळ मिळायचा असतो. रिकाम्या माणसाला कोणी काम सांगते, मोकळ्या माणसाकडे कोणी मन उघडे करते. ‘सवड’ या शब्दातही जागा आणि वेळ यांची अशीच बेमालूम सांगड आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘ॲमेत्तिग्’ला मराठी प्रतिशब्द द्यायचा झाला, तर तो ‘मोकळा’ हाच द्यावा लागेल. आजच्या ‘एम्प्टी’ला ‘रिकामा’ देता येईल. एक हजार वर्षांच्या कालावधीत इंग्रजी शब्दाने जो प्रवास केला, त्याची सुरुवात आणि शेवट असे दोन्ही बिंदू मराठीत दोन जिवंत शब्दांच्या रूपाने आजही शेजारी उभे आहेत.

अर्थात व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, याचे भान अभ्यासकाने सोडता कामा नये. शब्दाचा पूर्वज श्रीमंत होता म्हणून वंशजाला आज उसने मिळत नाही. पारावरच्या गृहस्थांना ‘तुम्ही मला सवड असलेला म्हणालात’ असे व्युत्पत्तीच्या आधारे सांगणे हास्यास्पद ठरेल. मे महिन्याचे मानधन त्यामुळे खात्यात जमा होणार नाही. सवडीचा गौरव करणाऱ्या ग्रीकांनी फुरसतीला ‘स्खोले’ म्हटले आणि त्यातून ‘स्कूल’ हा शब्द जगाला दिला. रोमनांनी व्यवहाराला ‘नेगोतिउम्’, म्हणजे सवड नसणे, असे नकारार्थी नाव दिले. परंतु त्या सवडीखाली गुलामांचे श्रम होते, हेही विसरता येत नाही. ज्याची भाकरी दुसरे कोणी थापते, त्याच्या रितेपणाला तत्त्वज्ञान म्हणतात. ज्याला स्वतःची भाकरी मिळवायची आहे, त्याच्या रितेपणाला बेकारी म्हणतात. सक्ती नसणे आणि संधी नसणे या दोन अवस्था बाहेरून सारख्या दिसतात. ‘रिकामा’ हा शब्द त्या दोहोंना एकच मानतो, यात त्याचा खरा दोष आहे.

तरीही सवडीचा निखळ अर्थ आयुष्यभर जगून दाखवणारी उदाहरणे मराठीच्याच क्षेत्रात आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी आयुष्याचा फार मोठा भाग कोणत्याही नोकरीवाचून काढला. तरुणपणीच पत्नीचे निधन झाल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. प्राचीन इंग्रजीतील ‘ॲमेत्तिग्’ या शब्दाचे दोन्ही अर्थ, कशात न गुंतलेला आणि विवाहबंधनाबाहेरचा, त्यांना लागू पडतात. हाती कसलीही सत्ता नसताना गावोगाव हिंडून जुन्या दप्तरांतील कागद त्यांनी मिळवले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड सिद्ध केले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, आणि मराठीच्या व्युत्पत्तिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत अग्रस्थान मिळवले. त्यांच्या काळातील एखाद्या कारकुनाने त्यांना पारावर रिकामा म्हटले असते, तर लौकिक अर्थाने ते खोटे ठरले नसते. त्यांच्या हालअपेष्टांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. विद्वानाने उपाशी राहावे असा निष्कर्ष यातून काढणे तर अन्यायाचे होईल. निष्कर्ष निघतो तो एवढाच, की ज्या कामासाठी कोणी नेमणूकपत्र देत नाही, तेही काम असते, आणि पुष्कळदा त्याचा उपयोग नेमणूकपत्रे मिळालेल्या पुढच्या पिढ्यांना होतो.

ही गोष्ट ‘रिक्त’च्या मुळातही दडलेली आहे. ‘रिक्त’ ज्या ‘रिच्’ धातूपासून आला, त्याचा अर्थ सोडणे, मोकळे करणे असा आहे. लॅटिनमध्ये त्याचा भाऊबंद ‘लिंक्वेरे’, ग्रीकमध्ये ‘लेइपेइन’; ग्रहणाला इंग्रजीत ‘एक्लिप्स’ म्हणतात आणि वाक्यातील गाळलेल्या शब्दांना ‘एलिप्सिस’, ते या ग्रीक रूपामुळे. इंग्रजीतील ‘लोन’, म्हणजे उसने दिलेले धन, हाही त्याच कुळातला. आणि ‘इलेव्हन’मध्ये दहा मोजून झाल्यावर एक उरला, हा अर्थही याच मुळाने दिला, असे मानले जाते. उलट, लॅटिन ‘वाकारे’च्या कुळाशी ज्याचे नाते लावले जाते, तो संस्कृत ‘ऊन’ मराठीच्या ‘उणे’मध्ये आणि ‘एकोणीस’मध्ये बसलेला आहे. म्हणजे आपल्या रितेपणाचा नातलग इंग्रजांच्या अकरात आणि त्यांच्या रितेपणाचा नातलग आपल्या एकोणिसात. हिशेबाच्या वहीत दोन्ही भाषांनी एकमेकींचे थोडे थोडे ठेवून घेतले आहे.

‘रिच्’च्या संस्कृत परिवारातील आणखी दोन शब्द महाविद्यालयीन अध्यापकाच्या परिचयाचे असावेत. एक ‘अतिरिक्त’. दर वर्षी कार्यभाराची तपासणी होते. एका ठिकाणी पदे रिक्त असतात, दुसऱ्या ठिकाणी शिक्षक अतिरिक्त ठरतात, आणि बाहेर पात्रताधारक रिकामे असतात. तिन्ही शब्दांत तेच मूळ वावरते. पण रिक्त पद आणि रिकामा पदवीधर यांची गाठ घालून देणे भाषेच्या हाती नाही. शाळेत असताना ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न सर्वांत सोपा वाटत असे. त्याचे उत्तर कंसात दिलेले असे आणि जागेच्या मापाचे असे. दुसरा शब्द ‘रिक्थ’. मागे ठेवलेली संपत्ती, वारसा, असा त्याचा अर्थ आहे. ‘रिक्त’ आणि ‘रिक्थ’ यांत एका वर्णाचा फरक. एक सांगतो जागा सुटली, दुसरा सांगतो की सुटलेल्या जागेत काहीतरी पुढच्यासाठी ठेवलेले आहे.

ग्रंथालय बंद होण्याची वेळ झाली, तेव्हा त्या अध्यापकाने अनुवादातील अडलेले वाक्य पुन्हा वाचले. ते एका सेवानिवृत्त माणसाविषयी होते. दिवस कसे ‘एम्प्टी’ झाले आहेत, असे तो माणूस म्हणत होता. त्याच्या बोलण्यात दुःख होते, त्यामुळे ‘मोकळे’ लिहिता येत नव्हते. परंतु तो व्यर्थ झाला होता असेही नाही, त्यामुळे ‘रिकामे’ लिहिण्यास मन घेत नव्हते. अखेर त्याने ‘रिते’ लिहिले. ज्याच्यावर कोणी काम नसल्याचा ठपका ठेवत नाही, असा तो ‘रिक्त’चा वंशज होता. शब्द वाक्यात बसला.

संध्याकाळी तो त्याच पारावरून परतला. आबांनी विचारले, ‘काय, दिवसभर ग्रंथालयात? काही मिळालं का?’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘हो आबा, एक शब्द मिळाला.’ आबा हसले, आणि सरकून त्यांनी पारावर त्याच्यासाठी जागा मोकळी केली.